उत्सव कोणत्या मडी वॉटर्सचा?

शिकागोच्या दक्षिण भागात साउथ लेक पार्क अॅव्हेन्यूवर ४३३९ क्रमांकाचे एक जुने, विटांचे घर आहे. ब्लूज गायक मडी वॉटर्स यांनी ते १९५४ मध्ये विकत घेतले आणि पुढची जवळजवळ वीस वर्षे तिथे काढली. तळघरात त्यांच्या बँडच्या तालमी होत. पियानोवादक ओटिस स्पॅन यांचा मुक्कामही काही काळ त्याच तळघरात होता. मडींच्या पश्चात हे घर रिकामे पडले, मोडकळीस आले, आणि ते वाचवून तिथे संग्रहालय उभारण्याचा ध्यास त्यांच्या पणतीने घेतला नसता तर आज त्या जागी कदाचित मोकळा भूखंडच दिसला असता. ऑक्टोबर २०२१ मध्ये शहराच्या नगरपरिषदेने या घराला वारसावास्तूचा दर्जा दिला. त्याच्या आदल्या वर्षाच्या अखेरीस मात्र, निवासी वस्तीत अशी घरगुती संग्रहालये काढायला विशेष परवानगी लागावी, असा प्रस्ताव याच नगरपरिषदेसमोर आला होता. टीकेची झोड उठल्यावर तो मागे घ्यावा लागला.

त्या निमित्ताने, आणि खरे तर मडी वॉटर्स यांचे नाव निघेल तेव्हा दर वेळी, एक जुना वाद नव्याने रंगतो. एका बाजूचे म्हणणे असे की ब्लूज ही कृष्णवर्णीयांच्या गुलामगिरीतून आणि तिच्या मागून आलेल्या दैन्यातून उपजलेली कला आहे. तिच्यावर कोट्यवधी कमावणारे गोरे वादक आणि तिचे सोहळे साजरे करणारे परदेशी चाहते ही लुटीचीच पुढची पायरी आहे. दुसरी बाजू म्हणते की सुरांना जात नसते, रंग नसतो. गाणे एकदा हवेत गेले की ते सगळ्यांचे, तिथे वंशाचा आणि पैशाचा विषय काढणे म्हणजे रसभंग. दोन्ही बाजू त्वेषाने भांडतात, पण दोघींच्याही मनात प्रश्न एकच असतो: हा उत्सव कोणी करावा? मला हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा वाटतो. उत्सव कोणीही करावा, अवश्य करावा. विचारायला हवे ते हे की तो कोणत्या मडी वॉटर्सचा चालला आहे. चाहत्यांनी गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षे बहुतांशी एका दुःखी शेतमजुराची पूजा बांधली आहे. जो माणूस त्या शेतातून जाणूनबुजून बाहेर पडला, ज्याने शहरात येऊन एक नवी, विजेवर चालणारी, अत्यंत घोटीव कला उभी केली आणि तिच्या जोरावर स्वतःचे घर घेतले, तो कसबी माणूस या पूजेत मागे पडला. माझ्या मते त्याच्यावरचा सर्वांत मोठा अन्याय हाच आहे, आणि तो प्रेमापोटी झाला आहे.

सुरुवात १९४१ च्या ऑगस्टपासून करावी लागते. मिसिसिपी राज्यातील क्लार्क्सडेल गावाजवळच्या स्टोव्हॉल मळ्यावर मॅकिन्ली मॉर्गनफील्ड नावाचा तरुण, म्हणजेच पुढचे मडी वॉटर्स, ट्रॅक्टर चालवत होता आणि शनिवारी रात्री लोकांना नाचवत होता. अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या वतीने लोकसंगीताचे संग्राहक अॅलन लोमॅक्स ध्वनिमुद्रणाचे अवजड यंत्र घेऊन तिथे पोचले, आणि त्या तरुणाच्या लाकडी खोपटात त्याची गाणी तबकडीवर उतरली. पुढे त्याला वीस डॉलरचा धनादेश आणि तबकडीच्या दोन प्रती मिळाल्या. ब्लूजच्या चाहत्यांना ही कथा तोंडपाठ असते. त्यांतल्या किती जणांना हे ठाऊक असते की लोमॅक्स एकटे नव्हते? ही पाहणी नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाच्या सहकार्याने चालली होती आणि त्या विद्यापीठाचे जॉन वर्क हे कृष्णवर्णीय संगीतज्ञ त्या दिवशी तिथे हजर होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले लेखन दशकानुदशके अडगळीत पडून राहिले आणि २००५ मध्ये कुठे पुस्तकरूपाने वाचकांसमोर आले. 'शोध' लावणाऱ्याचे नाव अजरामर झाले. ज्यांचा समाज होता त्यांच्यातला अभ्यासक विस्मरणात गेला. आणि मडींनी स्वतः त्या तबकडीचा काय अर्थ लावला? त्यांनी पुढे अनेकदा सांगितले की आपला आवाज यंत्रातून ऐकला तेव्हा हे आपल्याला जमते, याची त्यांना खात्री पटली. संशोधकांना लोकसंगीताचा नमुना सापडला होता. त्या तरुणाला त्याच क्षणी आपण व्यावसायिक गायक आहोत, हे उमगले होते.

दोन वर्षांनी, १९४३ मध्ये, त्यांनी मळा सोडला. निमित्त काय होते, तर तासाला साडेबावीस सेंट मजुरी मिळत होती, त्यांनी पंचवीस मागितले आणि मुकादमाने नकार दिला. ज्याला आपण 'दुःखातून उमललेली कला' म्हणून गौरवतो त्या कलेचा नायक अडीच सेंटच्या प्रश्नावर दुःखाचे ते ठिकाण सोडून रेल्वेने उत्तरेकडे निघाला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शिकागोत त्यांनी कारखान्यात काम केले, ट्रक चालवला, रात्री बारमध्ये गायले. तिथल्या गजबजाटात साध्या गिटारचा आवाज चार टेबलांपलीकडे पोचेना, म्हणून त्यांनी विजेची गिटार हातात घेतली. करंगळीत नळी घालून तारेवरून सूर घसरवण्याची मिसिसिपीच्या डेल्टा भागातली पद्धत तीच राहिली, पण अॅम्प्लिफायरमधून येताना त्या सुराला धार आली, तो लांबवता येऊ लागला, त्याला करवतीसारखा खरखरीतपणा आला.

हा बदल केवढा मोठा होता हे ऐकायचे असेल तर एकच गाणे दोनदा ऐकावे. १९४१ मध्ये मळ्यावरच्या खोपटात गायलेले 'आय बीज ट्रबल्ड' हेच गाणे त्यांनी १९४८ मध्ये 'आय कान्ट बी सॅटिस्फाइड' या नावाने शिकागोत पुन्हा गायले. पहिल्यात एक कुशल तरुण गिटारीच्या सोबतीने मोकळेपणी गातो आहे. दुसऱ्यात बिग क्रॉफर्ड यांचा बास तारांवर थापा मारत ठेका धरतो आणि त्याच्यावर विजेच्या गिटारीचा सूर असा फणा काढतो की तीच ओळ आता तक्रार राहत नाही, ती धमकी होते. शब्द जवळजवळ तेच, गायक तोच, मध्ये सात वर्षे आणि एक महानगर. ही तबकडी बाजारात आली तेव्हा एका शनिवार-रविवारात संपली. दुकानदाराने माणशी एकच प्रत द्यायचे ठरवल्यामुळे मडींना स्वतःलाही मनासारख्या प्रती घेता आल्या नाहीत, अशी आठवण सांगितली जाते. ती घेणारे लोक कोण होते? अमेरिकेच्या दक्षिणेतून नुकतेच येऊन कत्तलखान्यांत आणि पोलाद कारखान्यांत राबणारे कामगार. त्यांना गावाकडच्या आठवणींचे गाणे हवे होते, पण ते त्यांच्या नव्या आयुष्याच्या आवाजात हवे होते. पुढच्या काही वर्षांत लिटल वॉल्टर यांचा मायक्रोफोनमधून गरजणारा हार्मोनिका, जिमी रॉजर्स यांची दुसरी गिटार, स्पॅन यांचा पियानो आणि ड्रम असा जो मेळ मडींनी जुळवला, त्याच साच्यावर पुढे जगभरच्या रॉक बँडांची रचना उभी राहिली.

आणि चाहत्यांनी काय मागितले? १९५८ मध्ये मडी आणि स्पॅन इंग्लंडला गेले. तिथल्या रसिकांनी त्याआधी बिग बिल ब्रुन्झी यांना ऐकले होते. ब्रुन्झी यांची कहाणी म्हणजे या रोगाचे आधीचे उदाहरण आहे. शिकागोत ते सुटाबुटात, बँडसोबत गाणारे यशस्वी शहरी कलाकार होते. पण १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांची ओळख मळ्यावरचा शेतकरी म्हणून करून देण्यात आली, आणि पन्नाशीच्या दशकात युरोपनेही त्यांना हाती साधी गिटार घेतलेला, मातीतला शेवटचा ब्लूज गायक म्हणून स्वीकारले. ब्रुन्झी यांनी ही भूमिका पत्करली, कारण तिच्यावर पोट चालत होते. अशा श्रोत्यांपुढे मडींनी विजेची गिटार आपल्या नेहमीच्या जोरात वाजवली, तेव्हा काही समीक्षक हादरले. किंचाळणारी गिटार, अशी तिची संभावना झाली. धडा घेऊन मडी काही वर्षांनी परत गेले ते साधी गिटार घेऊन, तर तोवर तिथली तरुण पिढी विजेच्या गिटारीसाठी वेडी झाली होती! १९६४ मध्ये लोकसंगीताची लाट होती म्हणून त्यांच्या कंपनीने त्यांचा साध्या वाद्यांवरचा संग्रह काढला आणि त्याला नाव दिले 'फोक सिंगर'. संग्रह सुंदर आहे, याबद्दल वाद नाही. पण पंधरा वर्षे शहराचे संगीत घडवणाऱ्या माणसाला पुन्हा त्या खोपटात नेऊन बसवण्याची ही हौस कोणाची होती?

आता पहिल्या पक्षाच्या सर्वांत बळकट मुद्द्याकडे येतो. पैसा गेला तो खरोखरच गेला, त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. १९५० च्या मडींच्या गाण्यावरून रोलिंग स्टोन्स या इंग्लिश बँडने आपले नाव घेतले आणि तो बँड जगातील सर्वांत श्रीमंत बँडांपैकी एक झाला. मडी मात्र उतारवयापर्यंत गावोगाव मोटारीने फिरून कार्यक्रम करत राहिले. मडींची कित्येक गाजलेली गाणी लिहिणारे विली डिक्सन आणि स्वतः मडी यांना सत्तरीच्या दशकात आपल्याच गाण्यांच्या मानधनासाठी प्रकाशन कंपनीवर दावा लावावा लागला. मडींनी १९६२ मध्ये गायलेल्या डिक्सन यांच्या गाण्याच्या ओळी लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडच्या १९६९ च्या विख्यात गाण्यात आल्या. डिक्सन १९८५ मध्ये न्यायालयात गेले आणि १९८७ मध्ये तडजोड झाली, तेव्हा कुठे त्यांना त्यांचा वाटा आणि श्रेय मिळाले. हे सगळे मान्य करूनही या पक्षाच्या निष्कर्षाशी मी सहमत होऊ शकत नाही. साठीच्या दशकात शिकागोतल्या कृष्णवर्णीय तरुणांनी सोल संगीताकडे मोर्चा वळवला होता. त्यात कृतघ्नपणा नव्हता. ज्या दक्षिणेच्या आठवणी आई-बापांना व्याकूळ करत होत्या त्या मुलांना नकोशा होत्या, आणि तो त्यांचा हक्क होता. त्या काळात मडींना श्रोते दिले ते पांढरपेशा गोऱ्या विद्यार्थ्यांनी आणि युरोपीय तरुणांनी. पॉल बटरफील्ड, माइक ब्लूमफील्ड यांच्यासारखी गोरी मुले दक्षिण भागातल्या बारमध्ये येऊन बसली, तेव्हा मडींनी त्यांना हाकलले नाही. शिकू दिले, मंचावर बोलावले, १९६९ मध्ये त्यांच्यासोबत ध्वनिमुद्रण केले. १९७७ मध्ये जॉनी विंटर या गोऱ्या गिटारवादकाने निर्माता म्हणून त्यांना त्यांच्या मूळ दणक्यासह पुन्हा उभे केले. ज्याने स्वतः दार उघडे ठेवले त्याच्या नावाने आपण दार लावून घ्यायचे, हा कुठला सन्मान?

दुसऱ्या पक्षाचाही मुद्दा पोकळ नाही. ब्लूज मुळातच देवाणघेवाणीवर वाढले. मडी डेल्टातलेच गायक सन हाउस यांच्याकडून शिकले, रॉबर्ट जॉन्सन यांच्या तबकड्यांवरून शिकले. कित्येक ओळी एका गायकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी फिरत राहिल्या, जात्यावरच्या ओव्या फिराव्यात तशा. पण जात्यावरची ओवी कोणी आपल्या नावावर नोंदवून तिचे भाडे वसूल करत नव्हते. सगळेच मालक किंवा कोणीच मालक नसेल, तिथे उसनवारी निर्मळ असते. ज्या दिवशी एकाच्या हातात गिटार आणि दुसऱ्याच्या हातात वकील व करारपत्र आले, त्या दिवशी 'गाणे सगळ्यांचे' या वाक्याचा अर्थ बदलला. आपल्या परंपरेत 'तुका म्हणे' हे दोन शब्द अभंगाच्या अंगातच विणलेले असतात, शाहीर लावणीच्या शेवटी आपले नाव गुंफतो. गाणारा कोणीही असो, कर्त्याचे नाव उच्चारल्याशिवाय त्याला शेवटच्या ओळीपर्यंत जाता येत नाही. डिक्सन यांना ते नाव छापून यावे म्हणून न्यायालय गाठावे लागले. सुरांना रंग नसेलही, तबकडीवरच्या श्रेयाच्या ओळीला तो होता.

तरीही, माझ्या मते पैशापेक्षा खोल नुकसान अर्थाचे झाले. 'मॅनिश बॉय' हे गाणे घ्या. १९५५ च्या मे महिन्यात मडींनी ते गायले. आज ते जगभर मर्दानी मस्तीचे गाणे म्हणून ओळखले जाते. ऐंशीच्या दशकात जीन्सच्या जाहिरातीतही ते वाजले. पण ज्या दक्षिणेतून मडी आले तिथे साठ वर्षांच्या कृष्णवर्णीय पुरुषालाही गोरा पोरगा 'बॉय' म्हणून हाक मारी. त्या माणसाने मायक्रोफोनसमोर उभे राहून 'मॅन' या शब्दाची अक्षरे सुटी करून, एकेक ठणकावून म्हणणे याचा अर्थ त्या बारमधल्या कामगारांना वेगळा सांगावा लागत नव्हता. तीन महिन्यांनी शिकागोच्या याच दक्षिण भागातला एमेट टिल हा चौदा वर्षांचा मुलगा मिसिसिपीच्या डेल्टात नातेवाइकांकडे गेला असता त्याची हत्या झाली. तेरा वर्षांनी मेम्फिसच्या संपकरी सफाई कामगारांनी गळ्यात फलक अडकवले, त्यांच्यावर चारच शब्द होते: मी एक माणूस आहे. हा धागा दुःखाचा नाही, हक्काचा आहे. मराठी वाचकाला तो परका वाटू नये. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना अर्पण केली होती, आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. ज्यांच्या मुक्ततेच्या गौरवार्थ जोतीरावांनी ती अर्पणपत्रिका लिहिली, त्यांच्या नातवंडा-पतवंडांना मुक्ततेनंतरही मालकाची शेती अर्धेलीने कसत कर्जात पिचावे लागले. मडींचा जन्म त्याच व्यवस्थेतला. आपल्याकडे 'माणुसकी' या शब्दाला चळवळीने जे वजन दिले, तेच वजन त्या चार मिनिटांच्या आतल्या गाण्यात आहे. ते न ऐकता नुसती मस्ती ऐकणारा चाहता अर्धेच गाणे ऐकतो; आणि नुसती वेदना ऐकून हळहळणाराही अर्धेच ऐकतो.

म्हणूनच मला दोन वास्तूंच्या नशिबातला फरक इतका बोचतो. स्टोव्हॉल मळ्यावरचे मडींचे ते खोपट आज क्लार्क्सडेलच्या डेल्टा ब्लूज संग्रहालयात, छपराखाली, जपून ठेवलेले आहे. त्याच्या एका लाकडी वाशातून बिली गिबन्स या प्रसिद्ध गिटारवादकाने गिटार बनवून घेतली आणि ती मिरवून संग्रहालयासाठी निधी गोळा केला. हेतू चांगला होता, कामही चांगले झाले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या खोपटातून मडींना निघून जायचे होते त्याचा वासा अवशेषासारखा पूजनीय ठरावा, आणि जे घर त्यांनी कमाईतून घेतले ते पडायला टेकावे, हे कसे? वस्तीवस्तीत कृष्णवर्णीयांना घरे न विकण्याचे करार कायद्याने अंमलात आणता येणार नाहीत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला होता. त्यानंतर सहाच वर्षांनी एका माजी ट्रॅक्टरचालकाने या भागात विटांचे घर घेतले. चाहत्यांना त्या व्यवहारात काव्य दिसले नाही. २०१६ मध्ये शिकागोच्या मध्यवस्तीत एका उंच इमारतीच्या सबंध भिंतीवर मडींचे रंगीबेरंगी भव्य चित्र रंगवले गेले, पर्यटक त्याच्यासमोर छायाचित्रे काढू लागले, आणि त्याच वेळी काही मैलांवर ते घर ओस पडलेले होते.

घर-संग्रहालयांवर अट घालू पाहणाऱ्यांचा मुद्दाही मी झटकून टाकणार नाही. शांत निवासी गल्लीत पर्यटकांच्या बसगाड्या याव्यात, घरांच्या किमती वाढून जुन्या रहिवाशांनाच निघावे लागावे, ही भीती खोटी नाही. शिकागोने हे आधी पाहिले आहे. मॅक्सवेल स्ट्रीटच्या ज्या बाजारात ब्लूज वादक रविवारी रस्त्यावर वाजवत, तो बाजार विद्यापीठाच्या विस्तारासाठी १९९४ मध्ये उठवला गेला. त्रेचाळिसाव्या रस्त्यावरच्या चेकरबोर्ड लाउंजमध्ये १९८१ मध्ये रोलिंग स्टोन्स मडींसोबत गाऊन गेले. २००३ मध्ये त्या जागेला टाळे लागले. आज पर्यटक ज्या ब्लूज क्लबांत जातात ते मुख्यतः शहराच्या उत्तर भागात आहेत. पण या इतिहासातून निष्कर्ष कोणता निघतो? संगीत वस्तीबाहेर गेल्यामुळे वस्ती वाचली, असे कुठेच घडलेले नाही. उलट संगीत गेले, त्याच्याबरोबर त्यावर चालणारी दुकाने आणि रोजगार गेला, आणि उत्सव मात्र दर जूनला मध्यवस्तीतल्या उद्यानात भरत राहिला. तो उत्सव विनामूल्य आहे, मडींच्या निधनानंतरच्या वर्षापासून, १९८४ पासून, सुरू आहे, आणि तो असावाच. तरी वारसा दक्षिण भागातून फक्त उचलायचा आणि परत तिथे काही न्यायचे नाही, ही रीत मोडायची असेल तर सुरुवात त्या गल्लीतल्याच घरापासून करावी लागेल. अट घालायची तर बसगाड्यांच्या वेळांवर घाला. घराच्या अस्तित्वावर नको.

मुंबईच्या चाहत्यांचाही या प्रश्नाशी संबंध आहे. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ मध्ये महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाला तेव्हा पहिल्याच वर्षी शिकागोचे ब्लूज गिटारवादक बडी गाय आले होते. १९५७ मध्ये लुईझियानाहून शिकागोत आलेला हा तरुण एका रात्री उपाशीपोटी एका क्लबात वाजवत होता, तेव्हा मडी स्वतः तिथे आले आणि त्यांनी त्याला आपल्या गाडीत बसवून सलामी नावाच्या मांसाचे सँडविच खाऊ घातले, ही आठवण ते आयुष्यभर सांगत आले आहेत. 'फोक सिंगर'मध्ये मडींच्या शेजारी बसून दुसरी गिटार वाजवणारे तेच. वांद्र्यात त्यांना ऐकताना टाळ्या वाजवणाऱ्यांना 'हे तुमचे नाही' असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? मला तर त्या टाळ्या हव्या आहेत. मात्र घरी परतल्यावर त्या श्रोत्याने १९४१ चे आणि १९४८ चे ते गाणे लागोपाठ ऐकावे, गाण्याखाली कोणाचे नाव छापले आहे ते पाहावे, आणि कधी शिकागोला जाणे झाले तर मध्यवस्तीतल्या भिंतीपाशी न थांबता दक्षिणेकडची गाडी पकडावी. साउथ लेक पार्क अॅव्हेन्यूवरच्या त्या घरात संग्रहालयाबरोबर ध्वनिमुद्रणाची सोय करण्याचा, वस्तीतल्या मुलांना शिकवण्याचा कुटुंबाचा बेत आहे. तिथली मुले त्या तळघरात ब्लूज गातील की दुसरेच काही, हे त्यांनी ठरवायचे. मडींनीही स्टोव्हॉलहून येताना कोणाला विचारले नव्हते.